द्वारापाशी घेतलेली ओळख : ८०२.१ एक्स ह्या मानकाच्या इतिहासातील एक गृहीत

स्थानिक नेटवर्कमध्ये कोणत्या यंत्रास प्रवेश द्यावयाचा व कोणास नाकारावयाचा ह्याचा निर्णय नेटवर्कच्या कडेलाच, म्हणजे यंत्राची तार जेथे स्विचला जोडली जाते त्या पोर्टवरच, करावयाचा अशी व्यवस्था 'आयईईई ८०२.१ एक्स' ह्या मानकाने घालून दिली. जून २००१ मध्ये ते संमत झाले. आज विद्यापीठाच्या आवारात आपले नाव व परवलीचा शब्द देऊन नेटवर्कमध्ये शिरणाऱ्या बहुतेकांचा व्यवहार ह्याच मानकानुसार होत असतो. मात्र त्याच्या पूर्वेतिहासाचा विचार फारसा झालेला दिसत नाही. जो काही होतो त्यात दोन समज वारंवार आढळतात. एक असा की, बिनतारी नेटवर्कचे संरक्षण दुबळे ठरल्यामुळे त्यावर उपाय म्हणून हे मानक जन्मास आले. दुसरा असा की, त्यात मागाहून ज्या उणिवा उघडकीस आल्या त्या मसुदा रचणाऱ्यांच्या अनवधानाने राहून गेल्या. प्रस्तुत लेखकास हे दोन्ही समज त्या काळच्या कागदपत्रांशी विसंगत वाटतात. ह्या मानकाचे कूळ बिनतारी नेटवर्कमध्ये नाही, तसे ते मूलतः स्थानिक नेटवर्कमध्येही नाही. ते टेलिफोनच्या तारेत आहे. आणि त्याची मुख्य उणीव ही त्या कुळाबरोबर आलेल्या एका गृहीताची उणीव होय.

विषयप्रवेशापूर्वी 'पोर्ट' ह्या शब्दाविषयी एक खुलासा केलेला बरा. आपल्या कोकणपट्टीत पोर्ट म्हटले की बंदर आठवते. येथे मात्र त्याचा अर्थ द्वार असा घ्यावयाचा. संगणकशास्त्रातही ह्या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एका यंत्रावर चालणाऱ्या निरनिराळ्या सेवांना जे क्रमांक दिलेले असतात त्यांनाही पोर्टच म्हणतात. परंतु आपल्याला कर्तव्य आहे ते यंत्राच्या पाठीमागील किंवा भिंतीतील त्या खाचेशी, जिच्यात तार बसविली जाते.

स्थानिक नेटवर्कच्या आरंभकाळी असे द्वारच नव्हते. रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात जे टिपण लिहिले त्यातून 'ईथरनेट' उदयास आले. मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज ह्यांचा त्यावरील निबंध जुलै १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. हवाई विद्यापीठातील रेडिओवर चालणाऱ्या अलोहा नेटवर्कपासून त्याची प्रेरणा घेतलेली होती, आणि प्रकाशवाहक म्हणून एके काळी कल्पिलेल्या सर्वव्यापी ईथरवरून त्याचे नाव पडले. नाव यथार्थच होते. एकच जाड तार इमारतीभर फिरविलेली असे व तिला जागोजाग यंत्रे जोडलेली असत. एकाने बोललेले सर्वांना ऐकू येई. जो तारेशी जोडला गेला तो नेटवर्कचा सभासद झाला. त्याची ओळख कोणी विचारीत नसे, कारण विचारणारा असा कोणी मध्ये उभाच नव्हता. इमारतीच्या दारावरील पहारेकरी हाच काय तो नेटवर्कचा पहारेकरी.

ओळख विचारण्याची गरज भासली ती दुसऱ्याच क्षेत्रात. दूरच्या संगणकाशी टेलिफोनद्वारे संबंध जोडणारा मनुष्य कोठून बोलत आहे हे दिसत नसे. फोनचा क्रमांक ठाऊक असलेला कोणीही मोडेम लावून दार ठोठावू शके. म्हणून डिसेंबर १९८४ मध्येच अशा दूरस्थ वापरकर्त्याची ओळख एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कळविण्याची 'टॅकॅक्स' नावाची एक पद्धत इंटरनेटच्या दस्तऐवजांत नोंदविलेली दिसते. पुढे १९८९ ते १९९४ ह्या काळात 'पीपीपी' हा द्विबिंदू-संबंधाचा शिष्टाचार सिद्ध झाला, आणि जुलै १९९४ च्या आरएफसी १६६१ मध्ये त्याला स्थिर स्वरूप मिळाले. त्यात संबंधाचे जे टप्पे सांगितले आहेत ते ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. प्रथम तारेच्या दोन टोकांनी परस्परांशी मेळ घालावयाचा. मग ओळखीची पडताळणी. ती पार पडल्यावरच नेटवर्कचा खरा व्यवहार. पडताळणीच्या दोन रीती ऑक्टोबर १९९२ च्या आरएफसी १३३४ मध्ये दिल्या होत्या. 'पॅप' ह्या रीतीत परवलीचा शब्द उघडाच पाठविला जाई. 'चॅप' ह्या रीतीत तो तारेवर येतच नसे. द्वारपालाने एक आकडा द्यावा, आलेल्याने त्यात आपले गुपित मिसळून एमडी५ ह्या पद्धतीने काढलेले उत्तर द्यावे, आणि असा प्रश्न संबंध चालू असताना केव्हाही पुन्हा विचारता यावा, अशी ती योजना होती.

ह्या सर्व रचनेस आधारभूत असलेली एक गोष्ट कोठेही सिद्ध करावी लागली नाही, कारण ती सर्वांना उघड दिसत होती. टेलिफोनची जोडणी दोघांमधीलच असते. एका टोकास विचारणारा, दुसऱ्या टोकास उत्तर देणारा. फोन खाली ठेवला की संबंध तुटला आणि त्याबरोबर दिलेली परवानगीही संपली. ज्याने उत्तर दिले तोच पुढे बोलत राहणार, हे तारेच्या स्वरूपामुळेच गृहीत धरले गेले. मार्ग आणि मार्गस्थ ह्यांत भेद करण्याचे कारणच पडले नाही.

नव्वदीच्या आरंभी मोडेमच्या रांगाच्या रांगा उभ्या राहू लागल्या आणि प्रत्येक द्वारपालापाशी सर्व वापरकर्त्यांची यादी ठेवणे अशक्य होऊन बसले. मिशिगन राज्यातील विद्यापीठांनी १९६६ साली स्थापन केलेल्या 'मेरिट' ह्या नेटवर्क-संस्थेने १९९१ मध्ये ह्या अडचणीवर उपाय सुचविण्याविषयी यंत्रनिर्मात्यांना विचारणा केली. लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस ह्या कंपनीच्या वतीने कार्ल रिग्नी ह्यांनी जी योजना मांडली तीच 'रेडियस' होय. तिच्यात द्वारपाल स्वतः निर्णय करीत नाही. तो आलेल्याची माहिती मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवितो व तेथून येणाऱ्या होकाराची किंवा नकाराची अंमलबजावणी करतो. रेडियसचे वर्णन जानेवारी १९९७ मध्ये आरएफसी २०५८ म्हणून, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आरएफसी २१३८ म्हणून, आणि जून २००० मध्ये आरएफसी २८६५ म्हणून प्रसिद्ध झाले.

ह्या दस्तऐवजांत इतिहासाच्या अभ्यासकास उपयोगी पडेल असा एक लहानसा पुरावा दडलेला आहे. सर्व्हरकडे पाठवावयाच्या विनंतीत, आलेला मनुष्य कोणत्या प्रकारच्या पोर्टवर आला आहे हे एका क्रमांकाने सांगण्याची सोय आहे. १९९७ च्या यादीत शून्य ते पाच एवढेच क्रमांक आहेत : शून्य म्हणजे साधी मोडेमची तार, त्यापुढे समकालिक तार, नंतर आयएसडीएनचे तीन प्रकार, आणि शेवटी कल्पित पोर्ट. ईथरनेटचा मागमूसही नाही. जून २००० च्या यादीत मात्र पंधराव्या क्रमांकावर ईथरनेट येते, आणि एकोणिसाव्या, म्हणजे अगदी अखेरच्या क्रमांकावर ८०२.११ ह्या मानकाचे बिनतारी नेटवर्क. जुन्या गावाच्या खानेसुमारीत नवी घरे जशी शेवटी नोंदलेली असावीत तशी ही नोंद आहे. द्वारपालाची ही संपूर्ण व्यवस्था टेलिफोनसाठी उभारली गेली, ईथरनेट त्यात मागाहून दाखल झाले आणि बिनतारी नेटवर्क त्याच्याही मागून, हा क्रम ह्या क्रमांकांवरून स्पष्ट होतो.

दुसरा पुरावा एका शीर्षकात आहे. मेरिटमधीलच लॅरी ब्लंक व जॉन व्होलब्रेख्ट ह्यांनी मार्च १९९८ मध्ये आरएफसी २२८४ लिहून 'ईएपी' हा विस्तारक्षम पडताळणीचा शिष्टाचार मांडला. पडताळणीच्या रीती दिवसेंदिवस वाढत चालल्या होत्या, आणि प्रत्येक नव्या रीतीसाठी द्वारपालाचे यंत्र बदलणे परवडणारे नव्हते. ईएपीने प्रश्न, उत्तर, यश व अपयश असे चारच प्रकारचे निरोप ठरवून दिले, आणि प्रश्नोत्तरांच्या आत काय चालले आहे हे द्वारपालास कळण्याची गरज ठेवली नाही. तो केवळ निरोप्या झाला. ह्या दस्तऐवजाच्या शीर्षकाचा आरंभच 'पीपीपी' ह्या अक्षरांनी होतो. जून २००४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आरएफसी ३७४८ म्हणून निघाली तेव्हा ती अक्षरे शीर्षकातून गळून पडली होती. मधल्या सहा वर्षांत ईएपीने टेलिफोनचे घर सोडले होते. ते कोणत्या वाटेने गेले हेही त्याच आवृत्तीत सांगितले आहे : प्रथम पीपीपी, नंतर तारेची ८०२ नेटवर्क, आणि त्यानंतर बिनतारी नेटवर्क. पहिल्या समजाच्या निरसनास ह्याहून अधिक आधार शोधण्याची आवश्यकता नाही.

टेलिफोनची ही व्यवस्था स्थानिक नेटवर्कला लागू पडावयाची तर ईथरनेटची तार प्रथम टेलिफोनच्या तारेसारखी व्हावयास हवी होती, आणि नव्वदीच्या दशकात ती तशी झालीही. १९९० मध्ये टेलिफोनच्या तारेसारख्याच पीळ घातलेल्या तारेवर चालणारे ईथरनेट मानक म्हणून मान्य झाले व एकाच सामाईक तारेऐवजी प्रत्येक यंत्राची वेगळी तार मध्यवर्ती पेटीपर्यंत नेण्याची पद्धत रूढ झाली. त्याच वर्षी कल्पना नावाच्या कंपनीने ईथरनेटचा स्विच बाजारात आणला. आधीच्या हब ह्या पेटीत आलेला संदेश सर्वांकडे जाई. स्विच तो ज्याचा त्यालाच देतो. अशा रीतीने दहा वर्षांच्या आत सार्वजनिक चावडीचे रूपांतर खाजगी तारांच्या समूहात झाले. प्रत्येक तारेच्या टोकास एक खाच, आणि त्या खाचेवर हुकमत चालविणारे एक यंत्र. आता द्वारपालास उभे राहावयास जागा मिळाली होती.

८०२.१ हा आयईईईचा कार्यगट बिनतारी नेटवर्कचा नव्हे. स्थानिक नेटवर्क परस्परांशी जोडणाऱ्या पुलांचा, म्हणजे पर्यायाने स्विचचा, विचार करणारा तो गट आहे. त्याने रचलेल्या मानकाचा उद्देश त्याच्या प्रास्ताविकात सांगितला आहे. इमारतीच्या ज्या भागात बाहेरच्या लोकांची ये-जा असते तेथेही नेटवर्कच्या खाचा असतात; किंवा व्यवसाय-संकुलात एक संस्था अनेक संस्थांना नेटवर्क पुरविते; अशा ठिकाणी परके यंत्र कोणीही आणून जोडू शकतो, ही ती अडचण. बैठकीच्या खोलीतील भिंतीवरची खाच डोळ्यांपुढे ठेवून हे मानक लिहिले गेले असे म्हणावयास हरकत नाही. यंत्र व बिनतारी केंद्र ह्यांच्यातील संबंध हाही एक पोर्ट मानता येईल अशी तरतूद त्यात आहे, परंतु ती प्रमुख नव्हे.

मानकाची रचना थोडक्यात अशी आहे. प्रवेश मागणाऱ्या यंत्रास त्यात 'सप्लिकंट', म्हणजे याचक, म्हटले आहे. स्विच हा 'ऑथेंटिकेटर', म्हणजे द्वारपाल. आणि निर्णय देणारा सर्व्हर, जो व्यवहारात बहुधा रेडियसचाच असतो, तो तिसरा. प्रत्येक पोर्टचे दोन भाग कल्पिले आहेत. आपल्याकडील गडांच्या मोठ्या दरवाजाच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी लहान झडप असते, तिला दिंडी म्हणतात. दरवाजा बंद असला तरी दिंडीतून पहारेकऱ्याशी बोलता येते. ८०२.१ एक्समधील 'अनियंत्रित पोर्ट' ही अशी दिंडी होय. तिच्यातून केवळ ओळखीचेच निरोप जातात. 'नियंत्रित पोर्ट' हा मोठा दरवाजा. सर्व्हरचा होकार येईपर्यंत तो मिटलेला असतो व नेटवर्कचा एकही साधा संदेश त्यातून पलीकडे जात नाही. याचक आणि द्वारपाल ह्यांच्यामधील टप्प्यात ईएपीचे निरोप थेट ईथरनेटच्या फ्रेममध्ये घालून पाठविले जातात, आणि द्वारपालापासून पुढे तेच निरोप रेडियसच्या वेष्टनात जातात. याचकाचा सर्व्हरशी प्रत्यक्ष संबंध कधीच येत नाही. पीपीपीचे तिन्ही टप्पे, म्हणजे तारेचा मेळ, ओळख व मग व्यवहार, येथे जसेच्या तसे उतरलेले दिसतात.

त्याबरोबर ते गृहीतही उतरले. मात्र ते छुपेपणाने आले नाही, ही गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. ज्या पोर्टची जोडणी द्विबिंदू स्वरूपाची आहे अशा पोर्टवरील यंत्राची ओळख पटविणे एवढाच आपला आवाका असल्याचे मानकाने आरंभीच सांगून टाकले आहे. निरोपांच्या पत्त्याची निवडही त्याच समजुतीने केलेली आहे. ओळखीच्या निरोपांसाठी जो सामूहिक पत्ता राखून ठेवला आहे तो, नियम पाळणारा कोणताही पूल पुढे जाऊ देत नाही अशा पत्त्यांपैकी आहे. म्हणजे हे निरोप एकाच तारेच्या दोन टोकांमध्ये संपावयाचे, मध्ये तिसरा कोणी असावयाचाच नाही. सारांश, मसुदाकारांनी आपल्या इमारतीचा पाया कोठे आहे हे दाखवून दिले होते. वापरणाऱ्यांनी ते पान वाचले नाही, ह्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

हे गृहीत प्रथम कोठे कोसळले तर जेथे तारच नव्हती तेथे. बिनतारी नेटवर्कच्या १९९७ च्या मानकात 'वेप' नावाची जी सांकेतिक लेखनाची व्यवस्था होती तिचे वाभाडे २००१ साली एकामागून एक निघाले. बोरिसॉव, गोल्डबर्ग व वॅग्नर ह्यांनी तिच्या रचनेतील दोष दाखविले, आणि ऑगस्टमध्ये फ्लुरर, मँटिन व शमीर ह्यांनी तिची किल्लीच काढून देणारा मार्ग प्रसिद्ध केला. नेमके त्याच वर्षी ८०२.१ एक्स हाताशी तयार होते. ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये याचकाची भूमिका बजावणारा भागही समाविष्ट होता. बुडत्यास काडीचा आधार मिळावा त्याप्रमाणे बिनतारी जगाने ह्या मानकास मिठी मारली. ते मानक बिनतारीसाठीच जन्मले असा जो समज पसरला त्याचे मूळ ह्या योगायोगात असावे.

फेब्रुवारी २००२ मध्ये मेरिलंड विद्यापीठातील अरुणेश मिश्रा व विल्यम आर्बो ह्यांनी ह्या नव्या सोयरिकीची परीक्षा केली. त्यांचे दोन आक्षेप होते. ओळख एकाच बाजूने घेतली जाते. द्वारपाल खरा की खोटा हे याचकास कळत नाही, आणि यशाचा निरोपही कोणी मधल्यामध्ये बनावट करू शकतो, हा पहिला. टेलिफोनच्या काळी फोन आपणच लावलेला असल्यामुळे पलीकडे कोण आहे ह्याची शंका येत नसे. हवेत ती यावयास हवी होती. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ओळख पटलेल्या यंत्रास कोणी खोटा निरोप पाठवून नेटवर्कपासून तोडले, तर ते यंत्र बाहेर जाते, पण द्वारपालाच्या वहीत ते आतच असते; मग त्या यंत्राचा पत्ता धारण करून हल्लेखोर त्याच्या जागी बसू शकतो. दरवाजा एकासाठी उघडावा व आत दुसराच जावा, असा हा प्रकार. पुढील व्यवहार पडताळणीशी बांधलेला नव्हता हे त्याचे कारण.

बिनतारी जगाने ह्यावर उपाय लौकर केला. जून २००४ मध्ये संमत झालेल्या ८०२.११ आय ह्या सुधारणेत ईएपीच्या संभाषणातूनच एक गुप्त किल्ली निघते, तिच्यावरून चार निरोपांच्या देवघेवीने नव्या किल्ल्या तयार होतात, आणि त्यापुढची माहिती वाहणारी प्रत्येक फ्रेम त्यांनी मुद्रित होऊन जाते. म्हणजे द्वारापाशी घेतलेली ओळख ही प्रवाशाच्या प्रत्येक पावलावर उमटू लागली. पत्ता चोरून आता भागत नाही, किल्ली हवी.

तारेच्या नेटवर्कमध्ये मात्र असे काहीही झाले नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये संमत झालेल्या ८०२.१ एक्सच्या सुधारित आवृत्तीतही दरवाजा उघडल्यानंतर आत येणाऱ्या फ्रेमवर कसलीच मुद्रा नव्हती. तार भिंतीतून जाते, ती दोघांमधीलच असते, हा जुना विश्वास अढळ होता. २००५ साली मायक्रोसॉफ्टमधील स्टीव्ह रायली ह्यांनी ह्या विश्वासातील फोलपणा दाखविला. ओळख पटलेले यंत्र व स्विच ह्यांच्या मध्ये एक स्वस्तातला हब बसवावा, त्यास आपले यंत्र जोडावे आणि त्याला मूळ यंत्राचेच दोन्ही पत्ते द्यावेत. एवढे केले की स्विचला दोघांमधील फरक कळण्याचे कोणतेही साधन उरत नाही. ह्यात एक मौज आहे. हल्लेखोराने आरंभिलेल्या संभाषणाची उत्तरे हबमुळे मूळ यंत्राकडेही जातात, आणि आपण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आलेले पाहून ते यंत्र एरवी संबंध तोडण्याचा निरोप पाठविते. परंतु त्या यंत्रावर सावध मालकाने फायरवॉल बसविलेली असेल, तर ती असली अनाहूत उत्तरे मुकाट्याने गिळून टाकते, आणि हल्लेखोराचा मार्ग निर्वेध होतो. अधिक सावध असणे येथे नडते. ठराविक अवधीने, बहुधा ३६०० सेकंदांनी, ओळख पुन्हा घेण्याची जी सोय मानकात होती तिचाही उपयोग होत नाही, कारण प्रश्नाचे उत्तर देण्यास खरे यंत्र हबच्या दुसऱ्या बाजूस हजर असतेच. चॅपमधील पुनःप्रश्नाची ही सोय टेलिफोनसाठी होती. तीही वारशाने आली व येथे निरुपयोगी ठरली.

२०११ साली लास व्हेगस येथील डेफकॉन परिषदेत आल्वा डकवॉल ह्यांनी त्याच्याही पुढची पायरी दाखविली. त्यांनी हबऐवजी लिनक्सवर चालणारा, दोन्ही बाजूंस अदृश्य राहणारा पूल मध्ये बसविला. नियम पाळणारा पूल ओळखीचे निरोप पुढे जाऊ देत नाही हे वर सांगितलेच आहे. डकवॉल ह्यांच्या पुलाने तो नियम मोडला, एवढाच त्याचा विशेष. मध्ये तिसरा नसेल ह्या समजुतीचे रक्षण करणारा जो नियम होता तो पाळणे न पाळणे हे त्या तिसऱ्याच्याच मर्जीवर होते.

तोवर उपाय कागदावर आलेला होता. जून २००६ मध्ये संमत झालेल्या ८०२.१ एई ह्या मानकाने, ज्यास 'मॅकसेक' म्हणतात, तारेवरील प्रत्येक फ्रेम सांकेतिक करण्याची व तिच्यावर पडताळणीची मुद्रा उमटविण्याची पद्धत दिली. परंतु त्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या कोठून आणावयाच्या हे तिने सांगितले नव्हते. ती सांगड २०१० च्या ८०२.१ एक्समध्ये घातली गेली. पडताळणीतून निघालेल्या गुपितावरून मॅकसेकच्या किल्ल्या ठरविण्याचा करार त्यात मांडला आहे. जी गोष्ट हवेला २००४ मध्ये मिळाली ती तारेला मिळण्यास आणखी सहा वर्षे लागली. कारण, मला वाटते, तांत्रिक नव्हे. हवा कोणाचीच नाही हे कोणालाही पटते. तार मात्र आपली वाटते. प्रत्येक पोर्टवर ईथरनेटच्या पूर्ण वेगाने सांकेतिक लेखन करावयाचे तर त्यासाठी वेगळी यंत्ररचना लागते, आणि आपल्याच भिंतीतील तारेवर अविश्वास दाखविण्यासाठी तो खर्च करण्यास संस्था सहसा तयार होत नाहीत. म्हणून मानकात तरतूद होऊनही जुन्या रीतीची द्वारे सर्रास आढळतात.

गृहीताची आणखी एक बाजू दुर्लक्षून चालणार नाही. टेलिफोनच्या दुसऱ्या टोकास बोलणारा मनुष्य असे किंवा त्याच्या वतीने बोलू शकणारे यंत्र असे. कार्यालयातील छपाईयंत्राला, कॅमेऱ्याला किंवा दाराच्या कुलुपाला मात्र प्रश्न कळत नाही. स्विच विचारतो, तीस सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो, आणि काहीच उत्तर येत नाही. अशा मुक्या यंत्रांसाठी निर्मात्यांनी एक पळवाट काढली : यंत्राच्या ईथरनेट-पत्त्याचे ४८ बिट वाचावयाचे व तो पत्ता यादीत असेल तर आत घ्यावयाचे. परंतु तो पत्ता बहुधा यंत्राच्या पाठीवर चिकटविलेल्या कागदावर छापलेलाच असतो, आणि कोणत्याही संगणकास तो धारण करता येतो. आलेल्याच्या अंगरख्यावर शिवलेले नाव वाचून त्याला सोडावे, आणि अंगरखा उसना घेता येतो हे विसरावे, तशातला हा प्रकार. यंत्रास निर्मितीच्या वेळीच खात्रीलायक ओळख देण्याचे ८०२.१ एआर हे मानक २००९ मध्ये झाले. पण आधीच भिंतींवर लागलेली यंत्रे तशीच राहिली.

ह्या वारशाचा सर्वांत सुखद परिणाम विद्यापीठांच्या वाट्यास आला. नेदरलँड्समधील सर्फनेट ह्या संस्थेचे क्लास विरेंगा ह्यांनी २००२ साली अशी कल्पना मांडली की, पाहुण्याची ओळख त्याच्या मूळ विद्यापीठाच्या सर्व्हरनेच पटवावी व यजमान विद्यापीठाने तो निर्णय मानावा. त्यातून 'एड्युरोम' उभे राहिले. भारतात त्याचे संयोजन 'अर्नेट' ही संस्था करते. एका संस्थेतील अभ्यासक दुसऱ्या देशातील ग्रंथालयात बसून स्वतःच्या विद्यापीठाच्या परवलीने आत येतो, तेव्हा त्याचे निरोप मेरिटच्या मोडेमच्या रांगांसाठी आखलेल्या त्याच रेडियसच्या वाटेने फिरत असतात.

ती वाटही जुनी झाली आहे. रेडियसच्या सर्व्हरचे उत्तर खरे आहे हे पटविण्यासाठी नव्वदीच्या आरंभी एमडी५ ही पद्धत योजली गेली होती. तिच्यातील दोष २००४ पासून उघड असूनही रेडियसमधील तिचा उपयोग चालूच राहिला, आणि जुलै २०२४ मध्ये काही संशोधकांनी, द्वारपाल व सर्व्हर ह्यांच्या मधल्या वाटेवर बसून नकाराचा होकार करता येतो हे प्रत्यक्ष करून दाखविले. ईएपीचे निरोप ह्या आघातातून सुटले. जून २००० च्या आरएफसी २८६९ ने, ईएपी वाहून नेणाऱ्या प्रत्येक विनंतीवर आणखी एक वेगळी मुद्रा सक्तीची केली होती, ती चोवीस वर्षांनी कामास आली. ईएपीवाचून जाणाऱ्या साध्या विनंत्यांवर ती सक्ती नव्हती. आणि मुक्या यंत्रांच्या नावाने स्विच जी विनंती सर्व्हरकडे पाठवितो ती बहुधा ह्या साध्या प्रकारचीच असते.